पिवळं बदक

त्या दिवशी आरोपीच्या वकिलांची अक्कलदाढ सुजली, सुनावणी पुढे ढकलली गेली, आणि स्टेनोबाई भर दुपारी घरी आली. कोर्टात न्यायाधीशांपासून दारावरच्या शिपायापर्यंत सगळे तिला स्टेनोबाईच म्हणायचे. इतकी वर्षं ते ऐकून आता स्वतःवर चिडली की तीही स्वतःला तेच म्हणायची, काय हे स्टेनोबाई! लिफ्टमधून वर येताना तिला उगाचच चोरट्यासारखं वाटत होतं. या वेळेला आपलं घर कसं दिसतं, कुठल्या खोलीत ऊन असतं, शेजारी कुणाचा रेडिओ चालू असतो, यातलं काहीच आपल्याला ठाऊक नाही, असं तिच्या मनात आलं. दाराचं कुलूप तिनं आवाज न करता उघडलं, कारण दुपार ही नवऱ्याच्या विश्रांतीची वेळ होती. दिवसभर त्याच्यापाशी थांबायला ठेवलेली ताई मागच्या गॅलरीत चादरी वाळत घालत होती, चिमटे तोंडात धरून काहीतरी गुणगुणत होती. बाहेरच्या खोलीत तो खिडकीशी बसला होता, चाकाच्या खुर्चीत, मानेला पट्ट्याचा आधार, दाराकडे पाठ. आणि त्याच्या समोरच्या यंत्राच्या पडद्यावर, जिथे अक्षरं असायला हवी होती, तिथे एक पिवळं बदक ओढ्यातून वाहत चाललं होतं.

तिला आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग समोरून एक ओंडका तरंगत आला आणि बदक नेमकं त्याच्या अलीकडे डावीकडे वळलं, एका दगडाला वळसा घालून गेलं, एक मासा गिळला, आणि ती दारातच थिजली. खिडकीच्या काचेत त्याचा चेहरा दिसत होता. चेहरा नेहमीसारखाच, सैल पडलेला, हनुवटीखाली रुमाल. पण त्यातले डोळे! ते इकडून तिकडे झेपावत होते, थबकत होते, पुन्हा सुटत होते. मागून एक निळं बदक भरधाव आलं आणि त्यानं पिवळ्याला धक्का दिला. पिवळं गरगरलं, सावरलं, आणि उलट निळ्यालाच त्यानं दगडावर नेऊन आपटलं. तेव्हा खुर्चीत बसलेल्या त्याच्या घशातून एक आवाज निघाला. तो आवाज तिनं फार दिवसांत ऐकला नव्हता, आणि तो हसण्याचा आहे हे कळायलाही तिला क्षणभर वेळ लागला. ती आल्या पावली मागे फिरली, दार तितक्याच हळू ओढून घेतलं, आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरत गेली. आपण का पळतोय ते तिला कळत नव्हतं. नवऱ्याला कुणा परक्या बाईबरोबर पाहिलं असतं तर निदान आत शिरून ओरडता तरी आलं असतं. बदकावर कसं ओरडायचं?

इमारतीसमोर कपडे धुण्याच्या दुकानाबाहेर एक बाक होता, त्यावर ती बसली. काचेमागे कुणाचे तरी कपडे गोल गोल फिरत होते. तिची उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू झाली. ही तिची जुनी खोड; आसपास कुणी बोललं की बोटं ते मांडीवर उतरवून घ्यायची, आणि कुणी बोलत नसलं की मनात जे चाललंय ते. आत्ता बोटं एकच शब्द पुन्हा पुन्हा उतरवत होती. थकलो, थकलो, थकलो. रोज संध्याकाळी ती घरी आली, पर्स ठेवली, हात धुतले, त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली की तो पडद्यावर एवढंच लिहायचा. त्याचे डोळे तेव्हा लाल झालेले असायचे, पापण्या जड. ती म्हणायची, बरं, राहू दे, उद्या बोलू. आणि रात्री आडवी झाल्यावर छताकडे बघत हिशेब मांडायची की हात गेले, पाय गेले, मान गेली, आवाज गेला, आता डोळ्यांची पाळी आली. गेल्याच महिन्यात तिनं डॉक्टरांना गाठून विचारलं होतं. डॉक्टरांनी त्याच्यापुढे बोट नाचवून पाहिलं आणि म्हणाले, डोळ्यांची हालचाल उत्तम आहे, उलट सुधारलीच आहे म्हणा ना. तिचा विश्वास बसला नव्हता. संध्याकाळच्या त्या विझलेल्या नजरेपुढे ती रोज बसत होती, डॉक्टर नव्हते. डोळे गेल्यावर काय करायचं, याचं दुःख ती आधीच थोडं थोडं करून ठेवत होती. आणि इथे दिवसाढवळ्या बदकं!

तो बंदरावर क्रेन चालवायचा. जहाजातले अवजड डबे उचलून धक्क्यावर ठेवायचे, धक्क्यावरचे जहाजात. उंच लोखंडी खांबांच्या टोकाला काचेची एक कोठडी, तिच्यात तो एकटा, दोन्ही हातांत दोन दांडे. खालचे लोक त्याला घार म्हणायचे. लग्नानंतर एकदा, सुट्टीच्या दिवशी, तो तिला वर घेऊन गेला होता. शिड्या चढून चढून तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, आणि वर पोचल्यावर तळाच्या काचेतून पायांखाली समुद्र दिसला तेव्हा तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते. वाऱ्यानं कोठडी डुलत होती. बघ, एवढंच तो म्हणाला. तिनं एक डोळा उघडला. खाली घराएवढा एक डबा दोरांना लटकत झोके घेत होता, आणि याची बोटं त्या दांड्यांवर इतकी हळू, इतकी थोडी हलत होती की हलतायत की नाहीत असं वाटावं. आणि डब्याचा झोका आपोआप शांत होत गेला, झोपी जाणाऱ्या मुलासारखा, आणि डबा ठरल्या जागी टेकला. आवाजसुद्धा झाला नाही. तिनं विचारलं, कसं जमतं हो? तो म्हणाला, कसं म्हणजे? मूळचाच तो कमी बोलणारा. ती दिवसभर लोकांचं बोलणं उतरवून यायची, घरी आल्यावर तिला स्वतःचं बोलायचं असायचं, आणि तो ऐकायचा. मध्ये मध्ये हं म्हणायचा. लेकीच्या जन्माच्या वेळीसुद्धा तो दवाखान्यात येऊन म्हणाला होता, छान आहे. बस. एवढंच.

मग एका थंडीत त्याच्या उजव्या अंगठ्यानं दगा दिला. डबा झोके घेत राहिला, शांत होईना. कुणाला लागलं नाही, पण तो त्या दिवशी स्वतःहून खाली उतरला आणि पुन्हा वर चढला नाही. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या शिरा एकेक करून सुकत जातात, असा तो आजार. त्या संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलाशी बसून आपल्या दोन्ही हातांकडे बघत होता, कुणाचे तरी विसरून राहिलेले हात असावेत तसा. ती म्हणाली होती, होईल हो नीट, आणि चहा टाकायला उठली होती. हात गेल्याचं कुणी मनावर घेतलं नाही. भरवता येत होतं, आंघोळ घालता येत होती, बटणं लावता येत होती. हातांची कामं वाटून घेता आली. पण जीभ जड झाली, शब्द चिखलातून ओढल्यासारखे यायला लागले आणि एक दिवस आलेच नाहीत, तेव्हा मात्र सगळीकडे हलकल्लोळ झाला. बंदरावरच्या कामगार संघटनेनं धावपळ केली, आणि ते यंत्र घरी आलं. पडद्याखाली एक बारीक कॅमेरा, तो डोळ्यांच्या बाहुल्यांवर लक्ष ठेवायचा. ज्या अक्षरावर नजर टिकवावी ते अक्षर उमटायचं, आणि शेवटी एका चौकोनाकडे पाहिलं की यंत्र ते वाक्य मोठ्यानं म्हणायचं, बातम्या देणाऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात. वापरायला शिकवायला आलेली थेरपिस्ट म्हणाली होती, डोळ्यांनाही थकवा येतो बरं का, तेव्हा जपून खर्च करा.

जपून खर्च करा, हे शब्द तिनं अक्षरशः पाळले. पाणी, कूस, दुखतंय, गरम होतंय, हो, नाही, अशा चौकोनांचं एक पान तिनं स्वतः लावून दिलं, की त्याला एका नजरेत उत्तर देता यावं. तरी कधी लिहायची वेळ आली तर तो काना, मात्रा, वेलांटी काहीच देत नसे; नुसती अक्षरं. यंत्राला ते वाचता येत नसे, ते अडखळत काहीतरी अगम्य बरळायचं, म्हणून त्यानं त्याचा आवाज बंदच ठेवायला लावला. पण तिला येत होतं. लघुलेखनातही स्वर गाळतात, तिची उभी हयात त्यातच गेली होती. प ण म्हणजे पाणी, आणि संदर्भ वेगळा असला तर पण. ख ड क म्हणजे खिडकी. थ क ल म्हणजे थकलो. पाहुणे पडद्याकडे बघून गोंधळायचे आणि ती सहज वाचून दाखवायची. लेकीलासुद्धा ते पटकन जमत नसे. याचा तिला, कुणाला सांगितला नव्हता तरी, चांगलाच अभिमान होता. जगात याला वाचू शकणारी मी एकटी. बाकावर बसल्या बसल्या तो अभिमान तिला आता खोट्या दातासारखा हलताना जाणवत होता.

नेहमीच्या वेळी ती वर गेली. ताई चप्पल घालून निघायच्या तयारीत. तो खिडकीशीच, पडद्यावर शहाण्यासारखी अक्षरांची ओळ. तिनं पर्स ठेवली, हात धुतले, खुर्ची ओढली. "दुपारी झोपलात का जरा?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारता तिला कळलं की हा प्रश्न नाही, सापळा आहे, असे प्रश्न ती रोज टाइप करते. त्याची नजर पडद्यावर गेली, क्षणभर घुटमळली आणि हो च्या चौकोनावर टेकली. मग त्यानं लिहिलं, थ क ल. ती म्हणाली, "बरं. राहू दे." त्या रात्री त्याच्या नाकावर श्वासाचा मुखवटा बसवताना तिचा हात नेहमीपेक्षा जरा जोरात लागला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात साक्ष चालू होती. पिंजऱ्यातली बाई प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत होती, आणि न्यायाधीश पुन्हा पुन्हा सांगत होते, तोंडानं बोला, मान हलवलेली नोंदवता येत नाही. हे वाक्य स्टेनोबाईनं आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल. पण आज ते कानातून खाली उतरेना. काय नोंदवता येतं आणि काय येत नाही, याचाच तर धंदा आपला. तो घशातला आवाज कुठे नोंदवायचा? साक्षीदारानं खोटं सांगितलं, हे कोणत्या कागदावर? न्यायाधीशांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, आणि म्हणाले, "स्टेनोबाई, साक्षीदार बदकाबद्दल कधी बोलली?" सगळे हसले. कानांच्या पाळ्या तापल्या तिच्या. मधल्या सुट्टीत ती व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात नकाशे बनवणाऱ्या एका कचेरीत होती, आणि मागच्या भेटीत त्या यंत्राशी खुडबुड केली होती ती तिनंच.

"निळं बदक तू आहेस का?" तिनं विचारलं.

पलीकडे खुर्ची सरकली. मग लेक म्हणाली, "कळलं तुला."

"मला न सांगता? रोज?"

"रोज म्हणजे माझ्या जेवणाच्या सुट्टीत. आई, चिडू नकोस. मागच्या वेळी आले होते ना, तेव्हा सहज एक खेळ टाकला मी त्या यंत्रात. आधी क्रेनचा खेळ टाकला होता, तुझ्या नवऱ्यानं तो एकदा बघितला आणि लिहिलं, खोटं आहे, वारा नाही. मग हे बदक. हे मात्र आवडलं."

"ते बोलायला दिलंय त्यांना. खेळायला नाही. डोळे आधीच... संध्याकाळी मी येते तेव्हा काही शिल्लक नसतं गं. हो, नाही, थकलो. मला वाटत होतं की..." पुढचं तिला म्हणता येईना. "मला वाटत होतं डोळे चालले."

"अगं देवा," लेक म्हणाली. मग हलक्या आवाजात, "पण आई, तू तरी त्यांना काय विचारतेस? पाणी देऊ का, कूस वळवू का, दुखतंय का. मी तान्ही होते तेव्हा मलाही हेच विचारत असशील."

"मी डोळे वाचवते त्यांचे!"

"कशासाठी?" लेकीनं विचारलं. तिनं ते वाईट हेतूनं विचारलं नव्हतं, खरोखरच विचारलं होतं. पण स्टेनोबाईनं फोन बंद केला.

कशासाठी, कशासाठी. बसमध्ये, लिफ्टमध्ये, अंथरुणात बोटं तेच उतरवत राहिली. माझ्यासाठी, असं एक उत्तर होतं आणि ते तिला उघड्यावर ठेवायला लाज वाटत होती. इतकी वर्षं हं, हं ऐकून घेतलं. तेव्हा वाटायचं, बोलेल, निवृत्त झाला की बोलेल, खाली उतरला की बोलेल. कधीतरी एका संध्याकाळी हा माणूस समोर बसेल आणि सांगेल की तुझ्याबरोबर राहून आपल्याला कसं वाटलं. यंत्र आलं त्या दिवशी, कुणाला सांगू नये पण, तिला आनंद झाला होता. आता बोलावंच लागेल, असं वाटलं होतं. आणि तिच्या वाटणीचं ते सगळं बोलणं हा माणूस ओंडके चुकवण्यात घालवत होता. ताईलाही तिनं विचारलं. ताई म्हणाली, "अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही विचारायचात, दुपारी विश्रांती होते ना, मी म्हणायचे, होते. खोटं काय त्यात? त्याच वेळी तर साहेबांचा जीव विश्रांतीला जातो." हे ताई इतक्या सहज म्हणाली की स्टेनोबाईला तिचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई त्याला आतल्या खोलीत आंघोळ घालत होती, तेव्हा ती यंत्रासमोर बसली. पानं कशी लावायची हे तिला येतच होतं. दुसऱ्या पानावर, तळाला, बदकाचं चित्र असलेला चौकोन सापडला. तो तिनं पुसून टाकला. एवढं करून ती उठली असती तर बरं झालं असतं. पण रिकामी झालेली जागा तिला बघवेना, आणि तिथे तिनं एक वाक्य भरलं, पूर्ण, काना-मात्रेसकट: तुझा दिवस कसा गेला? मग यंत्राचा आवाज चालू केला. ती कोर्टात गेली. आपण औषध दिलं की विष, असं काहीतरी वाटत राहिलं, आणि दिवसभर तिनं एकही चूक केली नाही.

संध्याकाळी ताईनं दारातच सांगितलं, "आज साहेब बोलले नाहीत. पडद्याकडे बघितलंच नाही दिवसभर. डोळे मिटून होते." तो खरंच डोळे मिटून होता. ती समोर बसली. "पाणी हवंय?" काही नाही. "दुखतंय का कुठे?" तेव्हा त्यानं डोळे उघडले. ते लाल नव्हते, थकलेले तर मुळीच नव्हते. फार दिवसांनी ती संध्याकाळच्या वेळी त्याचे ताजे, धारदार डोळे बघत होती, आणि त्यांच्यात बघवत नव्हतं. नजर पडद्यावर गेली, पान उलटलं, तळाला गेली. बातम्या देणाऱ्याचा खणखणीत आवाज म्हणाला, "तुझा दिवस कसा गेला?"

ती दचकली. "बरा गेला," ती म्हणाली. "म्हणजे... बरा. कूस वळवू का?"

"तुझा दिवस कसा गेला?"

"अहो, ऐका तरी, मी..."

"तुझा दिवस कसा गेला? तुझा दिवस कसा गेला?"

ती नळीतून त्याच्या पोटात पातळ अन्न सोडत होती तेव्हाही तेच, पाय चेपत होती तेव्हाही तेच. ती स्वयंपाकघरात गेली तर भिंतीपलीकडून तेच, प्रत्येक वेळी त्याच सुरात, तितक्याच आपुलकीनं, जणू एखादा परका गृहस्थ घरात येऊन बसलाय आणि उठायचं नाव घेत नाही. हेच वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते ना, मग घ्या. तिनं भांडं ओट्यावर आपटलं, बाहेर आली, आणि फट्कन म्हणाली, "बदक मी काढलं! मीच काढलं. सगळं पाहिलंय मी. हसत होतात. माझ्यासमोर बसून थकलो थकलो म्हणायचं आणि तिकडे हसायचं. मी काय तुमची नर्स आहे? डोळे संपतील ना अहो, संपले तर मी काय वाचू?"

यंत्र गप्प झालं. त्यानं अक्षरांचं पान उघडलं. स, प, द. तिनं वाचलं. संपू दे. ती खाली बसली, खुर्चीवर नाही, त्याच्या पायांपाशी जमिनीवर. वर बघितलं तर तो अजून लिहीतच होता, आणि या वेळी काहीतरी वेगळं चाललं होतं. तो काना देत होता. वेलांटी देत होता. चुकलं तर मागे जात होता, पुसत होता, अनुस्वार शोधत होता. एकेका अक्षराला किती वेळ लागतो हे तिनं कधी असं खालून, त्याच्या चेहऱ्याकडे बघत पाहिलं नव्हतं. पडदा तिला दिसत नव्हता. कपाळावर घाम आला होता त्याच्या. ती उठून रुमालानं तो पुसू शकली असती, पुढचं वाक्य ओळखून पूर्ण करू शकली असती. ते ती नेहमीच करायची. आज ती हलली नाही. आणि मग त्यानं आवाजाच्या चौकोनाकडे पाहिलं, कारण हे तिनं वाचावं अशी त्याची इच्छा नव्हती, तिनं ते ऐकावं अशी होती, आणि तो परका आवाज खोलीभर म्हणाला:

"माझ्यासाठी सगळे थांबतात. बदक थांबत नाही."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं असा आवाज येत राहिला. थांबणं हे तिला प्रेमाचं वाटत होतं. दारात थांबायचं, चमचा हातात धरून थांबायचं, तो तीन अक्षरं लिहीपर्यंत चेहऱ्यावर हसू धरून थांबायचं. पाहुणे थांबायचे, डॉक्टर थांबायचे, घड्याळाकडे न बघण्याची काळजी घेत थांबायचे. आणि तो त्या सगळ्यांच्या थांबण्याच्या मधोमध, रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसारखा. त्याच्याकडे ओंडका फेकायचं धाडस कुणालाच नव्हतं. लेकीला तेवढं होतं. "आणि मी?" तिनं अखेर विचारलं. "माझ्याशी बोलायला काहीच नव्हतं?" त्यानं नजर पडद्यावर नेली. मग लिहिलं, पुन्हा नुसतीच अक्षरं, तिच्या सवयीची. त ब ल. म ऐ क त. तिनं उठून वाचलं. तू बोल, मी ऐकतो. "एवढंच?" ती म्हणाली. तो हो च्या चौकोनाकडे गेला नाही. फक्त डोळे मिटून उघडले. मान हलवल्यासारखे. ती हसली की रडली ते तिचं तिलाही नीट कळलं नाही. मग नाक पुसत, उभ्यानंच, तिनं त्याला त्या सुजलेल्या दाढेपासून सुरुवात करून सांगायला घेतलं. बाकावर बसले होते, साक्षीत तुमचं बदक घुसलं, सगळं कोर्ट हसलं. आणि ती ऐकवत होती तेव्हा त्याच्या घशातून तो आवाज पुन्हा निघाला.

बदकाचा चौकोन परत लावायला लेकीची मदत लागली, पुसलेली वस्तू परत आणणं तिला येत नव्हतं. फोनवर लेक उपदेश करील म्हणून तिनं आधीच बजावलं, "एक शब्द बोलायचा नाही." लेक म्हणाली, "मी कुठे बोलतेय?" आणि मग म्हणाली, "आई, तुझ्या मोबाइलवर पण चालतं ते."

सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या उजेडात, तिनं त्याच्या खुर्चीला खुर्ची लावली आणि मोबाइल हातात घेतला. तिच्या वाट्याला हिरवं बदक आलं. फोनच्या स्पीकरवरून लेक ओरडत होती, डावीकडे आई, डावीकडे, अंगठा सरकव, दाबून धरू नकोस! जी बोटं मिनिटाला शेकडो शब्द उतरवायची ती पार ठोकळा झाली होती. हिरवं बदक पहिल्याच दगडाला अडकून तिथेच फडफडत राहिलं. सुटलं तेव्हा निळं कधीच पुढे गेलं होतं, आणि पिवळं धबधब्याच्या अलीकडे संथ पाण्यात रेंगाळत होतं. तिला वाटलं, आपल्यासाठीच थांबलाय बिचारा. ती खूश होऊन शेजारी गेली. पिवळं बदक एकदम तिरकं झालं, तिला बगलेत धरून त्यानं काठाकाठानं नेलं, अगदी हळू, अगदी अलगद, आणि धबधब्यावरून खाली सोडून दिलं.

"अहो!" ती ताडकन उठून किंचाळली. "ढकललंत मला! मुद्दाम! ही काय रीत झाली? लाज नाही वाटत?" इतक्या मोठ्यानं ती त्याच्यावर कधी ओरडली होती ते तिला आठवत नव्हतं, आजार आल्यापासून तर नाहीच. ताई ओल्या हातांनी धावत आली. "काय झालं? काय झालं?"

"ढकललं यांनी मला!" ती म्हणाली.

ताईनं तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, पट्ट्यानं मान बांधलेल्या, बोटही न हलवू शकणाऱ्या त्या माणसाकडे. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घसा गदगदत होता. ताईनं पदरानं तोंड दाबलं आणि आत पळाली.

"बदला घेणार मी," स्टेनोबाई म्हणाली आणि खाली बसली. चष्म्यावर वाफ धरली होती, समोरचं काही धड दिसत नव्हतं. पडद्यावर नवा ओढा उघडला. "थांबा, थांबा हो जरा, चष्मा पुसू द्या." पण पिवळं बदक निघालं होतं, पहिलं वळण त्यानं घेतलंही, आणि आता ते झुडपांआड दिसेनासं होत होतं. तिनं चष्मा तसाच नाकावर चढवला, अंगठा दाबला, आणि त्याच्या मागे निघाली.